सरासरी माणसाची विजार

१ मे १९९९ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर अंगाला सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर जॉर्ज मॅलरी यांचे शव सापडले. १९२४ सालापासून ते तेथेच पडून होते. ओळख पटायला मदत झाली ती कपड्यांवर शिवलेल्या पट्टीची. तिच्यावर मॅलरींचे नाव होते आणि शिंप्याच्या दुकानाचेही: डब्ल्यू. एफ. पेन, हाय स्ट्रीट, गॉडलमिंग. गॉडलमिंग हे दक्षिण इंग्लंडमधले एक लहान गाव. तेथल्या चार्टरहाउस शाळेत मॅलरी १९१० पासून दहा-अकरा वर्षे शिक्षक होते. जगातल्या सर्वोच्च शिखराकडे निघालेला हा सडपातळ शिक्षक गावातल्या शिंप्याच्या दुकानातले कपडे अंगावर घालून गेला होता.

पुढे इंग्लंडमधल्या संशोधकांनी रेशीम, लोकर, सुती कापड आणि गॅबर्डिन यांचे ते थरावर थर पुन्हा शिवून घेतले व २००६ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याशी वापरून पाहिले. कपडे अपेक्षेपेक्षा हलके आणि हालचालीला मोकळे निघाले. जाकिटाची बाही अशी बेतलेली होती, की हात डोक्यावर नेला तरी जाकीट वर ओढले जात नसे. आजच्या गिर्यारोहकाच्या पँटचे कापड त्या कापडापेक्षा हलके, चिवट आणि लवकर वाळणारे असते. पण ती पँट कोणासाठी बेतली, असे विचारले तर उत्तर मिळते: ‘मीडियम’साठी. आणि ज्याची उंची सहा फुटांच्या वर व कंबर जेमतेम तीस इंच आहे, अशा माणसाला ती कंबरेत बसली तर घोट्याच्या वर राहते, लांबीला पुरली तर कंबरेत दोन माणसे मावतील एवढी होते. (प्रस्तुत लेखक याच काटकुळ्या वर्गात मोडतो, एवढे सांगून पुढे जातो.) हा केवळ दुकानदाराचा आळस नाही. त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा मोजमापाचा इतिहास आहे.

आधी, कड्यावर हा प्रश्न एवढा का बोचतो ते पाहू. रस्त्याने चालताना पँट दोन इंच ढगळ असली तर बिघडत नाही. प्रस्तरारोहणात मात्र पाऊल कधी कधी कंबरेच्या उंचीवर टेकवावे लागते. अशा वेळी गुडघ्यावरची आणि बैठकीवरची त्वचा चांगलीच ताणली जाते. १९६६ मध्ये कर्क आणि इब्राहिम या संशोधकांनी हे ताण मोजले, तेव्हा गुडघा वाकवताना त्वचा लांबीच्या दिशेने ३५ ते ४५ टक्के वाढते असे दिसले. त्वचा ताणते, कापडाला मात्र ताणावे तरी लागते किंवा सरकावे तरी लागते. पँटचे आसन, म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जेथे मिळतात ती जागा, शरीरापासून खाली लोंबत असेल तर आतली शिवण एखाद्या दाव्यासारखी मांडी अडवते. ढगळ पँटमध्ये पाय जास्त मोकळा उचलता येईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलटे घडते. त्यातच कंबरेवर हार्नेस बांधलेला. त्याच्या पट्ट्याखाली जादा कापडाच्या घड्या दबतात आणि दोरावर लोंबकळताना त्या कातडीत रुततात. सैल बॉटममुळे पाऊल ठेवायची खाच दिसत नाही ते वेगळेच.

आता इतिहासाकडे वळू. ॲडॉल्फ केतले हे बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ. एकाच ताऱ्याची अनेक निरीक्षणे घेऊन त्यांची सरासरी काढावी म्हणजे चुका परस्परांना छेदतात, ही खगोलशास्त्रातली रीत त्यांनी माणसांना लावली. स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीच्या मापांची प्रसिद्ध झालेली आकडेवारी त्यांनी मांडून पाहिली आणि तिचा आलेख चुकांच्या वक्रासारखाच, घंटेच्या आकाराचा निघाला. त्यावरून त्यांना वाटले, की निसर्गाचा रोख एका ‘सरासरी माणसा’वर असतो आणि तुम्ही-आम्ही सारे त्या नेमातल्या लहानमोठ्या चुका आहोत. रेडिमेड कपड्यांच्या धंद्याने हे तत्त्वज्ञान वाचले नसेल, पण आचरले नेमके तेच.

याच केतलेंनी १८३५ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक गोष्ट नोंदवली, ती अधिक मोलाची होती. प्रौढ माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. (वजन भागिले उंचीचा वर्ग हा जो आकडा आज डॉक्टर काढतात तो मूळचा केतलेंचाच. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव त्याला १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी दिले.) यात नवल काय, असे वाटेल. पण उंच माणूस हा बुटक्या माणसाचीच सर्व बाजूंनी मोठी केलेली प्रतिकृती असता, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. घनाचा नियम वर्गात सांगताना आपण ठोकळे वापरतो. माणसे मात्र ठोकळ्यांसारखी वाढत नाहीत.

येथे फळ्यावर दोन ओळींचे गणित करता येईल. शरीर हा ढोबळपणे एक दंडगोल मानला, तर वजन हे उंची गुणिले घेराचा वर्ग याच्या प्रमाणात असणार. वजन जर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, तर घेराचा वर्ग उंचीच्या प्रमाणात आला. म्हणजेच घेर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १६० सेंमी उंचीच्या माणसाची कंबर ७६ सेंमी धरू. १९० सेंमी उंचीचा माणूस त्याची हुबेहूब मोठी प्रत असता, तर त्याची कंबर ९० सेंमी झाली असती. वर्गमुळाच्या नियमाने ती सुमारे ८३ सेंमी येते. फरक सात सेंटिमीटरचा, जवळजवळ तीन इंचांचा. याचा अर्थ असा, की साधारण बांध्याचा उंच माणूससुद्धा सरळ प्रमाणाच्या हिशोबापेक्षा सडपातळच असतो. मुळात सडपातळ असलेल्या उंच माणसाची गोष्ट त्याहून पुढची.

शिंप्यांच्या दुनियेत याच सुमारास वेगळे काही चालले होते. पूर्वीचा शिंपी कागदाच्या पट्टीवर प्रत्येक गिऱ्हाइकाची मापे खाचा पाडून ठेवी. त्या पट्टीवर आकडे नसत, फक्त त्या माणसाचे शरीर असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंचांची टेप आली आणि दोन माणसांची मापे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागली. मग एक मोहात पाडणारी पद्धत निघाली: फक्त छातीचे माप घ्यायचे आणि बाकी सारी मापे त्याच्या ठरावीक अपूर्णांकांनी काढायची. एक आकडा दिला की सारा माणूस तयार. सैन्याच्या गणवेशांना ही युक्ती फार सोयीची होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लाखो गणवेश ठरावीक आकारांत शिवले गेले आणि पुरुषांच्या रेडिमेड कपड्यांचा धंदा त्यानंतर फोफावला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, घरी परतणाऱ्या सुमारे एक लाख अमेरिकन सैनिकांची मापे मुद्दाम गणवेशांसाठी घेण्यात आली.

मापांमधले नाते नेमके किती घट्ट, हे आकड्यात सांगण्याची सोय मात्र १८८८ मध्ये झाली. फ्रान्सिस गॉल्टन यांनी सुमारे ३५० पुरुषांच्या मापांवरून सहसंबंधाची कल्पना मांडली. (सुप्रजननाचे घातक शास्त्र उभे करणारेही हेच गॉल्टन, पण येथे त्यांचे गणित चोख आहे.) उंची आणि गुडघ्याची उंची यांचा सहसंबंध त्यांना ०.९ मिळाला, उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी यांचा ०.८. हाडांची लांबी हाडांच्या लांबीबरोबर चालते. घेराचे तसे नाही. उंचीशी त्याचे नाते बरेच सैल असते. त्यामुळे कंबरेवरून बेतलेल्या पँटमध्ये गुडघ्याला दिलेला बाक उंच माणसाच्या गुडघ्यावर येतच नाही. तो मांडीवर येतो, आणि खुद्द गुडघ्याच्या वाट्याला सपाट कापड राहते.

या नात्याचा कपड्यांसाठी पहिला मोठा अभ्यास झाला तो स्त्रियांच्या बाबतीत. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. १९४१ च्या त्यांच्या अहवालाचे सार असे: एका मापाने भागणार नाही, निदान दोन हवीत, एक उभे आणि एक आडवे. त्यांनी उंची आणि वजन ही जोडी सुचवली होती. पण दुकानात वजनकाटा कोण ठेवणार आणि ग्राहक आपले वजन चारचौघांत कसे सांगणार, या अडचणी होत्याच. अभ्यासात एक मोठे वैगुण्यही होते. निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरण्यात आली.

त्यावर आधारलेले अमेरिकन प्रमाणक १९५८ मध्ये निघाले. ते मला आजही शहाणपणाचे वाटते. छातीवरून एक क्रमांक, उंचीसाठी उंच, मध्यम, बुटकी यांची अक्षरे आणि नितंबांच्या घेरासाठी अधिक किंवा उणे चिन्ह. उंच, सडपातळ स्त्रीला कागदावर का होईना, स्वतःची जागा होती! पण प्रमाणक ऐच्छिक होते. इतके प्रकार शिवणे आणि साठवणे कारखानदारांना परवडेना. १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले आणि ती जागाही गेली.

मधल्या काळात अमेरिकन हवाई दलात एक विलक्षण गोष्ट घडली होती. १९५० मध्ये ४,०६३ जवानांची मापे घेण्यात आली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण लेफ्टनंटने त्यातली कपडे बेतायला उपयोगी अशी दहा मापे निवडली आणि सरासरीच्या आसपासचा एक पट्टा ठरवून गाळणी लावत गेला. उंचीने सरासरी असे १,०५५ जण निघाले. त्यांतले छातीनेही सरासरी असे ३०२. बाहीची लांबी लावल्यावर १४३ उरले, पायांची आतली उंची लावल्यावर ७३, धडाचा उभा घेर लावल्यावर २८. नितंबांशी १२, मानेशी ६, कंबरेशी ३, मांडीशी २. दहावे माप होते आसनाची लांबी. तेथे शून्य. चार हजारांत ‘सरासरी माणूस’ एकही नव्हता. केतलेंच्या कल्पनेचा याहून साधा आणि सडेतोड निकाल मला माहीत नाही. हवाई दलाने पुढे आसने, पट्टे, शिरस्त्राणे जुळवून घेता येतील अशी करण्यावर भर दिला.

गिर्यारोहकांनी हीच वाट आपल्या परीने धरली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात माइक ग्रॅहॅम या कसलेल्या चढणाऱ्याने ‘ग्रामिची’ नावाने पँट विकायला सुरुवात केली. तिच्या आसनात एक वेगळा तुकडा शिवलेला होता आणि कंबरेत ओढून घट्ट करता येणारा पट्टा. हा तुकडा चार शिवणी एका बिंदूत मिळू देत नाही. ताण पसरतो, आणि मांडी वर जाताना तुकडा उलगडतो. आपल्याकडच्या जुन्या अंगरख्याच्या काखेतला चौबगला हेच काम करी, आणि काचा मारलेल्या धोतरात तर आसनाची शिवणच नसते. दुसरी मदत आली रसायनशास्त्राकडून. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी इलास्टेन हा ताणणारा धागा बनवला. त्याने मांडी मोकळी झाली. पण त्या धाग्याने घेर सांभाळला जातो, अपुरी लांबी त्याने भरून निघत नाही. ओढपट्ट्याने कंबर आवळता येते, तरी चुण्या हार्नेसखाली राहतातच.

मग दोन आकड्यांच्या पँट का मिळत नाहीत? जीन्समध्ये कंबर आणि लांबी वेगवेगळी मिळते. चढण्याच्या पँट मात्र पुष्कळदा एस, एम, एल अशा एकाच शिडीवर येतात. हिशोब सोपा आहे. सहा आकार, पाच रंग, प्रत्येकी दोन नग, म्हणजे ६० पँट. चार लांब्या वाढवल्या की २४०. आणि गिऱ्हाईक किती? उंचीने वरच्या दहा टक्क्यांत आणि कंबरेने खालच्या दहा टक्क्यांत मोडणारी माणसे, ही दोन मापे अगदी स्वतंत्र असती तरी, शंभरात एकच निघाली असती. थोडासा सहसंबंध असल्यामुळे ती त्याहूनही कमी. अशा एकासाठी खोके भरून ठेवणे दुकानदाराला जड जाते. त्याला दोष देता येत नाही, पण त्या एकाने कड्यावर काय घालावे हा प्रश्न राहतोच. लांबीला पुष्कळशी दुमड सोडून, न शिवलेल्या कडेची पँट विकणे हा उपाय मला यात सर्वांत स्वस्त दिसतो. कापायचे काम कोपऱ्यावरचा शिंपीही करू शकतो.

आपल्या देशात मापे घेतली गेली नाहीत असे नाही. १९५१ मध्ये इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरचा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. पण त्याचा रोख समाजगटांच्या तुलनेवर होता, कपड्यांवर नव्हता. रेडिमेड कपड्यांनी परदेशी तक्त्यांवरच काम भागवले. २०१८ मध्ये निफ्ट या संस्थेचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प जाहीर झाला, तो मुंबईसह सहा शहरांतल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्यासाठी. अशा सर्वेक्षणातून नुसते सरासरी तक्ते बाहेर आले तर फारसे काही बदलणार नाही. उंची आणि घेर यांचा जोडतक्ता हवा.

नववी-दहावीच्या वर्गात हा जोडतक्ता एका तासात होतो. मुलामुलींनी भिंतीला पाठ लावून उंची आणि टेपने स्वतःच कंबर मोजावी, नावे न लिहिता चिठ्ठीवर दोन आकडे द्यावेत. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर कंबर आणि उभ्या अक्षावर उंची घेऊन प्रत्येकाचा एक ठिपका मांडावा. मग गणवेशाच्या दुकानातून कंबर आणि उंचीचा तक्ता मिळवून त्याचे बिंदू लाल शाईने त्याच कागदावर जोडावेत. कोणते ठिपके लाल रेषेपासून किती सेंटिमीटर दूर पडतात, ते मोजून फळ्यावर लिहावे.