बडोद्याने चित्रकाराच्या हाती पुस्तकही दिले

आमच्या वडिलांच्या पिढीत गोव्यातला एखादा मुलगा बरी चित्रे काढू लागला की त्याला एकच सल्ला मिळे: मुंबई गाठ, जे.जे.त डिप्लोमा कर. वाचनाची आवड असलेल्याने मात्र बी.ए. व्हावे. कुंचला धरणारा वेगळा आणि पुस्तक धरणारा वेगळा, अशीच सर्वांची समजूत. मी पुस्तकाच्या वाटेने गेलो आणि सरकारी फायलींत स्थिरावलो. ही समजूत एका विद्यापीठाने फार पूर्वीच मोडीत काढली होती, हे मला बऱ्याच उशिरा कळले. ते विद्यापीठ बडोद्याचे.

बडोदा म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. नाशिककडच्या कवळाणे गावचा हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला. त्यांच्या कारकिर्दीत १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. हेतू सरळ होता, हाताला हुन्नर आणि पोटाला भाकरी. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. कलाभवन विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत गेले आणि १९५० साली ललित कलांची स्वतंत्र शाखा उघडली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता. चित्रकलेला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकलेला शंखो चौधुरी आले. शांतिनिकेतनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन लवकरच येऊन मिळाले. येथे विद्यार्थ्याला डिप्लोमा नव्हे, विद्यापीठाची पदवी मिळणार होती. त्यासाठी त्याने चित्र काढायचे, शिवाय कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्रही अभ्यासायचे. १९६१ पासून तेथे कलामेळाही भरू लागला. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र बसून खेळणी बनवीत आणि विकीत. हुन्नराला कोणी कमी लेखले नाही.

या दुहेरी दाराचा फायदा कोणाला झाला? भूपेन खख्खर यांचेच पाहा. मुंबईचे सनदी लेखापाल, चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही. १९६२ साली ते बडोद्याला आले आणि कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात दाखल झाले. पोटासाठी हिशेब लिहीत राहिले आणि चित्रकार म्हणून जगभर नावाजले गेले. आम्हा कारकून मंडळींना हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळेच.

पण पुस्तकाची खरी परीक्षा पुढे झाली. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. तेव्हा इतर विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून आपल्याच कलापरंपरेतील शृंगारिक प्रतिमांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन लावले. घोषणांपेक्षा हे उत्तर वजनदार होते, आणि ते कलेचा इतिहास शिकलेल्यांनाच सुचू शकते. प्रदर्शन बंद करायला नकार देणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याची पाठराखण केली नाही. विद्यार्थ्यांनी मात्र तेथे शिकवलेला धडा विसरला नाही.

आपल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझांनाही १९४५ साली जे.जे.तून काढून टाकले होते, कारण ते स्वातंत्र्य चळवळीत उतरले होते. म्हणजे संस्था बदलल्या, साल बदलले, तरी कचरणे तेच.

पणजीतही १९७२ पासून कला महाविद्यालय आहे. आल्तिनच्या चढणीवर कागदाच्या मोठ्या गुंडाळ्या घेतलेली मुले दिसली की मनात येते, यांच्या पिशवीत रंगांबरोबर एखादे इतिहासाचे पुस्तक असेल ना? आपल्या चित्राची बाजू मांडायची वेळ आली, तर ते पुस्तकच त्यांच्या कामी येईल.