सोयरिकीतला तिसरा माणूस

नाशिकच्या रामकुंडावर आलेला यात्रेकरू आडनाव आणि मूळ गाव सांगतो, तेव्हा तीर्थपुरोहित त्या घराण्याची वही काढतो. पूर्वी कोण आले होते, सोबत कोण होते, घरात कोण जन्मले, कोण वारले, याच्या नोंदी तीत पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत सापडतात. वह्या राखल्या त्या यजमान टिकवण्यासाठी, लग्ने जुळवण्यासाठी नव्हे. तरी परका माणूस खरोखर कुठल्या घरचा, हे त्याच्या स्वतःच्या शब्दाखेरीज आणखी कुठेतरी नोंदलेले असे.

सोयरिकीत हेच काम मध्यस्थ करी. स्थळ सुचवणारा दोन्ही घरांच्या माहितीतला असे, आणि पुढे काही बिनसले तर त्यालाच तोंड द्यावे लागे. शिवाय मुलाच्या गावी माणूस पाठवून शेतीवाडी, कर्ज, व्यसन यांची चौकशी होई. ही पद्धत निर्मळ मुळीच नव्हती. जातीची कुंपणे तिनेच राखली. काही समाजांत विधवेचा पाट लागत असे. ब्राह्मणी घरांत मात्र १८५६च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानंतरही तिच्यासाठी स्थळ शोधायला सहसा कोणी निघत नसे.

मन आशेवर असले की ओळख किती सहज पटते, याचे मराठी इतिहासातले ठळक उदाहरण तोतयाचे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानले नाही. पुढे एका तोतयाने भाऊ म्हणून डोके वर काढले. पुण्याच्या दरबाराने त्याला खोटा ठरवले, तरी १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे लोक जमलेच. बंड मोडल्यावर त्याला देहान्त शासन झाले.

वर्तमानपत्री जाहिरातींनी मध्यस्थ बाजूला सारला, तरी बॉक्स नंबरमागचे नाव कचेरीत नोंदलेले असे. विवाह मंडळांना महाराष्ट्राने १९९८च्या अधिनियमाने नोंदणीच्या कक्षेत आणले. विवाहविषयक संकेतस्थळांनी सदस्यांची ओळखपत्रे घ्यावीत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१६ मध्ये काढली. उतारवयातल्या सोबतीसाठी माधव दामले यांनी पुण्यात ज्येष्ठ नागरिकांचे लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ २०१२ मध्ये सुरू केले. तिथे ओळखी मेळाव्यांत आणि सहलींत समोरासमोर होतात.

फेसबुकवर एकट्या ज्येष्ठांशी ओळख काढणाऱ्या ठगाला मधला माणूस नकोच असतो. तो परदेशातला विधुर डॉक्टर किंवा जहाजावरचा इंजिनिअर असतो, सकाळ-संध्याकाळ विचारपूस करतो आणि आपले नाते मुलांना इतक्यात सांगू नये, असे सुचवतो. सगळा डाव या शेवटच्या विनंतीवर उभा असतो. मग भेटवस्तूंचे पार्सल येते, ते विमानतळावर कस्टममध्ये अडकते आणि ‘अधिकाऱ्या’चा फोन येतो. शुल्क मात्र सरकारी तिजोरीत नव्हे, कोणाच्या तरी बचत खात्यात भरायला सांगितले जाते. खाते बहुधा भाड्याने घेतलेले असते. त्यात आलेली रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

संगणक साधनांनी तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २००९ मध्ये लागू झाले. पण ठग परदेशात बसला असेल तर त्याच्यापर्यंत पोचणे अवघड. पैसा वाटेत अडवणे त्यामानाने सोपे. त्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये १५५२६० ही हेल्पलाइन सुरू केली. पुढे तिचा क्रमांक १९३० झाला. व्यवहाराचा तपशील मिळाल्यावर संबंधित बँकांना कळवले जाते आणि खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. इथे तासांचा हिशोब असतो, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत नेमके तेच तास लाजेत जातात. मुलगा काय म्हणेल, या धास्तीने तक्रार उशिरा होते. तोवर गेलेले पैसे सोडवून देतो म्हणणारा दुसरा ‘अधिकारी’ फोन करून आपले शुल्क मागत असतो.