मोती तलावाच्या काठाने

मी जालना जिल्ह्यातल्याच खेड्यातला. पण शहरातला मोती तलाव काठाकाठाने पायी पाहिला तो पाहुण्यासारखा. मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) काळात जमशेद खान जालन्याचा हाकीम होता. काळी मशीद, हमाम, सराई त्याने बांधली, हे आपण अभिमानाने सांगतो. मला तलाव त्याहून मोठा वाटला. तो बांधून खान थांबला नाही; जमिनीखालून नळ टाकून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत नेले. २०१२-१३च्या दुष्काळात त्याच शहराने टँकरची वाट पाहिली! उर्दू शाळेतल्या माझ्या मुलांना पानिपतच्या लढायांचे सन तोंडपाठ आहेत, या नळांची खबर नाही. खरे सांगायचे तर बी.एड. होईपर्यंत मलाही नव्हती.