इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, जोड : रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरील

रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या माथ्यावर, फ्लॅश बसवण्याच्या खाचेत म्हणजे हॉट शूमध्ये सरकवून बसवायचे सुटे उपकरण. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेली प्रतिमा ते डोळ्याजवळच्या इवल्या पडद्यावर दाखवते. ही सोय प्रामुख्याने लायका एम मालिकेतील डिजिटल कॅमेऱ्यांवर वापरली जाते. म्हणून या नोंदीत त्याच मालिकेचा विचार केला आहे.

उपकरणाची गरज समजण्यासाठी आधी मूळ कॅमेरा कसा पाहतो ते ध्यानात घ्यावे लागते. १९५४ साली वेट्झलरच्या लाइट्झ कंपनीने आणलेल्या लायका एम३ मध्ये दृश्य पाहण्याची खिडकी आणि अंतर मोजण्याची यंत्रणा (रेंजफाइंडर) एकत्र आली. आजच्या एम कॅमेऱ्यांतही तत्त्व तेच आहे. छायाचित्रकाराच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात एक खिडकी असते. तिच्यातून समोरचे दृश्य सरळ काचेतून दिसते. त्याचा लेन्सशी काही संबंध नसतो. त्या दृश्याच्या मध्यभागी एक उजळ चौकोन असतो आणि त्यात थोड्या अंतरावरील दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा मिसळते. लेन्सची फोकस रिंग फिरवली की लेन्सच्या मागच्या कडेला टेकलेली एक छोटी चकती पुढेमागे होते आणि चौकोनातली दुसरी प्रतिमा आडवी सरकते. दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की फोकस साधला. ३५ किंवा ५० मिमी लेन्सवर, दोन-तीन मीटरवरच्या माणसाचे चित्र घेताना या पद्धतीइतकी जलद आणि खात्रीची हाताने फोकस करण्याची दुसरी पद्धत क्वचितच सापडेल. चौकटीबाहेरचेही दिसत असल्याने कोण आत येऊ घातले आहे, हे आधीच कळते. शटर उडताना दृश्य काळेही होत नाही.

मर्यादाही याच रचनेतून येतात. खिडकीत दिसणाऱ्या उजळ चौकटी ठरावीक नाभीय अंतरांच्याच असतात : २८, ३५, ५०, ७५, ९० आणि १३५ मिमी. २८ पेक्षा रुंद लेन्स लावली तर चौकट उरतच नाही आणि २१ मिमीसाठी वेगळा प्रकाशीय दर्शक हॉट शूवर बसवावा लागतो. दुसऱ्या टोकाला १३५ ची चौकट क्षेत्रफळाने २८ च्या चौकटीच्या सुमारे तेविसाव्या भागाएवढी भरते. तेवढ्या जागेत चेहऱ्यावरचे भाव वाचणे कठीण. चष्मा लावणाऱ्याला २८ ची चौकट चारही कडांसह एका नजरेत दिसत नाही, ही तक्रार जुनीच आहे. शिवाय चौकट सरकून खिडकी आणि लेन्स यांच्या जागांमधील फरक भरून काढत असली, तरी तिचा आकार बदलत नाही. अलीकडच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत चौकटी दोन मीटर अंतरासाठी बेतलेल्या आहेत. त्याहून दूरच्या विषयात चित्रात चौकटीपेक्षा जास्त येते, जवळच्या विषयात कमी. आणि ०.७ मीटरच्या आत रेंजफाइंडरची जोडणीच संपते.

लेन्समधून पाहण्याची धडपड डिजिटल काळातली नव्हे. लाइट्झने १९३५ सालीच २०० मिमी टेलिट लेन्ससाठी प्लूट नावाची आरशाची पेटी काढली होती. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये ती बसे आणि छायाचित्रकार घासलेल्या काचेवर प्रतिमा पाही. १९५० च्या दशकापासून तिच्या जागी व्हिझोफ्लेक्स नावाची पेटी आली आणि तिच्या तीन पिढ्या निघाल्या. पेटी लावली की रेंजफाइंडर कॅमेरा तात्पुरता रिफ्लेक्स कॅमेरा होत असे, पण त्याचे वजन आणि आकार असा वाढे की खिशातला कॅमेरा ही त्याची मूळ ओळखच पुसली जाई. एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेरे स्वस्त आणि चांगले झाल्यावर व्हिझोफ्लेक्स मागे पडला. कंपनीने पुढे हेच नाव आपल्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरला दिले, आणि ते योग्यच आहे : काम तेच, आरसा मात्र गेला.

पहिल्या डिजिटल एम कॅमेऱ्यांवर हे शक्य नव्हते. २००६ चा एम८ आणि २००९ चा एम९ यांत सीसीडी सेन्सर होता आणि त्यावरून सतत जिवंत दृश्य दाखवण्याची सोय नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात जाहीर झालेल्या लायका एम (टाइप २४०) मध्ये सीमॉस सेन्सर आला आणि त्यासोबत लाइव्ह व्ह्यू. या कॅमेऱ्यावर ईव्हीएफ-२ हा दर्शक बसे. तो मुळात ऑलिम्पसच्या व्हीएफ-२ चेच रूप होता, १४.४ लाख ठिपक्यांचा पडदा, आणि डोळा लावायचा भाग ९० अंश वर वळणारा. २०१७ च्या एम१० सोबत सुमारे २४ लाख ठिपक्यांचा व्हिझोफ्लेक्स (टाइप ०२०) वापरला जाऊ लागला, तर जानेवारी २०२२ च्या एम११ सोबत सुमारे ३७ लाख ठिपक्यांचा व्हिझोफ्लेक्स २ आला. मागे पडदाच नसलेल्या एम१०-डी वरही टाइप ०२० चा दर्शक बसतो. तिथे काढलेले चित्र कॅमेऱ्यावरच पाहण्याचा तो एकमेव मार्ग आहे. फिल्मच्या एम कॅमेऱ्यांना अर्थातच याचा उपयोग नाही. एका पिढीचा दर्शक दुसऱ्या पिढीच्या कॅमेऱ्यावर चालेल असे गृहीत धरू नये. खाच सारखी दिसली तरी आतली विद्युतजोडणी वेगळी असू शकते.

प्रत्यक्ष वापरात फोकस दोन प्रकारे साधतात. पहिला म्हणजे पीकिंग : चित्रातील स्पष्ट कडांवर लाल, हिरवा, निळा किंवा पांढरा रंग चढतो. जलद कामाला ते बरे, पण त्यावर पूर्ण विसंबू नये. पीकिंग कडांमधील उजेड-अंधाराचा फरक दाखवते, फोकसची नेमकी पातळी नाही. ॲपर्चर एफ/८ वर असेल तर निम्मे दृश्य रंगून जाते आणि निवड करायला काही उरत नाही. उलट धुक्यात किंवा गुळगुळीत गालावर रंग उमटतच नाही. दुसरा प्रकार प्रतिमा मोठी करण्याचा, आणि खरा उपयोगी तोच. टाइप २४० पासून कॅमेऱ्यात अशी सोय आहे की फोकस रिंग हलली की मधला भाग आपोआप मोठा होतो. रिंग हलल्याचे कॅमेऱ्याला कळते ते रेंजफाइंडरच्याच चकतीमुळे. म्हणून ॲडॅप्टर लावून बसवलेल्या रिफ्लेक्स लेन्सवर हे घडत नाही; तिथे बटण दाबूनच प्रतिमा मोठी करावी लागते.

एम लेन्समध्ये कॅमेऱ्याकडून चालवले जाणारे ॲपर्चर नाही. रिंग फिरवली की पाती त्याच क्षणी मिटतात. त्यामुळे पडद्यावर दिसते ते नेहमी प्रत्यक्ष ॲपर्चरवरचे दृश्य. पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोकस करून मग ते मिटवणे ही जुनी सवय बहुतेक लेन्सवर चालते, पण काही लेन्समध्ये ॲपर्चर मिटवताना फोकसची जागाच थोडी सरकते. झाइसची सी सोनार ५० मिमी एफ/१.५ यासाठी प्रसिद्ध आहे. रेंजफाइंडरला हे सरकणे दिसण्याचा काही मार्गच नाही. अशी लेन्स असेल तर ज्या ॲपर्चरवर चित्र घ्यायचे त्याच ॲपर्चरवर, प्रतिमा मोठी करून फोकस करावा. पडदा थोडा दाणेदार दिसेल, पण चित्र खरे येईल.

दर्शकाचा सर्वांत मोठा लाभ मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सवर दिसतो. ५० मिमी नॉक्टिलक्सवर एफ/०.९५ ला, एक मीटरवरच्या चेहऱ्यात स्पष्टतेची एकूण खोली सुमारे दोन सेंटिमीटर असते. पापणीवर फोकस बसला तर कान हरवतो. रेंजफाइंडरने फोकस करून मग डोळे चौकटीच्या वरच्या तृतीयांशात आणण्यासाठी कॅमेरा किंचित खाली झुकवला, तेवढ्यानेही पापणी मऊ पडू शकते. अलीकडच्या कॅमेऱ्यांवर दर्शकात मोठा केलेला भाग मध्यभागातून हलवून थेट डोळ्यावर नेता येतो. कॅमेरा हलवावाच लागत नाही. याच लेन्सचे धूड खिडकीतील दृश्याचा खालचा उजवा कोपरा झाकून टाकते, तीही अडचण जाते. जवळच्या चित्रांबाबत तर पर्यायच नाही. २०२१ ची एपो-सुमिक्रॉन ३५ मिमी ३० सेंटिमीटरपर्यंत, तर २०२२ ची सुमिलक्स ३५ मिमी ४० सेंटिमीटरपर्यंत फोकस होते. या दोन्ही लेन्स ०.७ मीटरच्या आतले अंतर केवळ लाइव्ह व्ह्यू किंवा जोड-दर्शक यांच्याच भरवशावर देतात.

एक उपयोग मात्र कंपनीची पत्रके फारशी सांगत नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वांत मोलाचा आहे : रेंजफाइंडर बरोबर मोजतो आहे का, हे तपासण्याचा. ही यंत्रणा यांत्रिक आहे. धक्क्याने किंवा वर्षांच्या वापराने तिचे माप थोडे चळू शकते आणि छायाचित्रकार मात्र लेन्सला किंवा स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसतो. तपासणी सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, सुमारे एक मीटरवर छापील मजकुराचा कागद तिरका धरून ठेवावा, ॲपर्चर पूर्ण उघडावे आणि मजकुराची एक ओळ निवडून रेंजफाइंडरने फोकस करावा. मग काही न हलवता दर्शकात प्रतिमा मोठी करून कोणती ओळ सर्वांत ठळक आहे ते पाहावे. हेच तीन मीटरवर आणि दूरच्या मनोऱ्यावरही करावे. फरक सगळ्या लेन्सवर सारखा आला तर कॅमेरा तंत्रज्ञाकडे द्यावा. एकाच लेन्सवर आला तर दोष त्या लेन्सचा. स्वतः स्क्रू फिरवण्याचा मोह टाळावा.

तोटे मोजताना हयगय करू नये. दर्शक लावला की फ्लॅशची जागा अडते. डोळा कोपऱ्यातून उचलून कॅमेऱ्याच्या मध्यावर, काही सेंटिमीटर वर न्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षांची हाताची सवय मोडते. सेन्सर सतत चालू राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते. एम१० च्या सुमारे ११०० मिलीॲम्पिअर-तासांच्या बॅटरीवर दिवसभर दर्शक लावून काम करायचे तर दुसरी बॅटरी खिशात हवीच. एम११ ची १८०० ची बॅटरी बरीच टिकते. टाइप २४० आणि एम१० वर शटर आधी मिटते, मग चित्रासाठी उघडते, पुन्हा मिटते आणि दृश्यासाठी पुन्हा उघडते. नेमक्या क्षणाला बोट दाबणाऱ्याला हा उशीर आणि मधला काळोख जाचतो. एम११ प्रकाशही सेन्सरवरूनच मोजतो, त्यामुळे त्यात हा उशीर रेंजफाइंडरने काम करतानाही असतो. चौकटीबाहेरचे दिसणे बंद होते ते वेगळेच, आणि रस्त्यावरच्या छायाचित्रणात ही उणीव सर्वांत मोठी.

दर्शक कॅमेरा बंद करून, सरळ रेषेत, जोर न लावता सरकवावा. काढल्यावर दर्शकावर त्याचे आणि खाचेवर तिचे झाकण लावावे. धातूच्या संपर्कबिंदूंवर ओल किंवा बोटांचे तेल बसले की पडदा अधूनमधून विझतो. वापरण्याआधी डायॉप्टरची चकती पडद्यावरच्या अक्षरांवर जुळवावी, दृश्यावर नाही. नाहीतर फोकस बिनचूक असूनही पुसट वाटतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये लायकाने एम ईव्ही१ जाहीर केला. त्यात ५७.६ लाख ठिपक्यांचा इलेक्ट्रॉनिक दर्शक कॅमेऱ्यातच बसवला आहे आणि रेंजफाइंडर काढून टाकला आहे. एम मालिकेत इलेक्ट्रॉनिक दर्शक कॅमेऱ्यातच येण्याची ही पहिलीच वेळ. ज्याचे बहुतेक काम ०.९५ च्या ॲपर्चरवर, २१ मिमीच्या रुंदीवर किंवा अर्ध्या मीटरच्या आत चालते, त्याने तो कॅमेरा पाहावा. ज्याचे काम ३५ आणि ५० मिमीवर, माणसांमध्ये चालते, त्याने रेंजफाइंडरच ठेवावा आणि जोड-दर्शक पिशवीत असू द्यावा.