आधी सुलह, मग निवाडा: मध्यस्थी आणि लवाद एकत्र कसे चालतात?

भावाभावांचं दुकान असो की वडिलोपार्जित घर, वाद झाला की जमातीतली चार वडीलधारी मंडळी बसतात आणि सुलह होते. पण सगळं तोंडी! काही महिन्यांनी एक जण फिरला की मसला पुन्हा तिथेच. म्हणून मध्यस्थी आणि लवाद यांची जोड समजून घ्यायला हवी.

फरक काय?
मध्यस्थ निर्णय देत नाही. तो दोघांना बोलतं करतो, समझोता पक्षकारच करतात. लवाद मात्र दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. आपल्याकडचे जुने शब्द म्हणजे सुलह आणि तहकीम.

जोड कशी चालते?
आधी मध्यस्थी. जे मुद्दे मिटले ते मिटले, उरलेल्यांवर लवाद निवाडा देतो. दुसरी पद्धत म्हणजे आधी लवाद नेमायचा, मग समझोत्याचा प्रयत्न करायचा. आपल्या १९९६ च्या लवाद व समेट कायद्यातलं कलम ३० याला वाट देतं. पक्षकारांची संमती असेल तर लवाद मध्यस्थीचा मार्ग वापरू शकतो आणि झालेला समझोता निवाडा म्हणून नोंदवू शकतो. अशा निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. तोंडी सुलहला ही ताकद नसते.

हे लक्षात ठेवा
• लवादाचा करार लेखीच हवा (कलम ७).
• लवादांची संख्या सम नसावी, एक किंवा तीन नेमा (कलम १०).
• मध्यस्थाला खासगीत सांगितलेली गोष्ट पुढे निवाड्यावर परिणाम करू शकते. म्हणून दोन्ही कामांना वेगळी माणसं बरी. एकच व्यक्ती हवी असेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या.
• तलाक, मुलांचा ताबा, फौजदारी गुन्हे हे विषय लवादाकडे जात नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. नवरा-बायकोच्या वादात मध्यस्थी जरूर करा, निवाडा मात्र कोर्टाचाच.
• घर-जमिनीच्या निवाड्याला स्टॅम्प आणि नोंदणी लागू शकते. वकिलांचा मशवरा घ्या.

शेवटची गोष्ट, वारशाच्या वादात बहिणींनाही बैठकीत बसवा. कागद वाचून दाखवल्याशिवाय त्यांची सही घेऊ नका. दबावाखाली झालेली सुलह ही सुलह नव्हे, आणि असा कागद कोर्टातही टिकणं कठीण.