ग्रंथ वाचकाच्या दारी

कडोदरा ज्या पलसाणा तालुक्यात आहे, तो पूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्यामुळे येथील शालेय ग्रंथालयाचा विचार करताना आमचे लक्ष साहजिकच त्या संस्थानाच्या इतिहासाकडे वळते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. परंतु शाळा सुटताच मूल अक्षरे विसरू लागले, तर त्या सक्तीचे फलित काय? १९१० साली महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, त्यामागे हीच चिंता होती. मध्यवर्ती ग्रंथालय विनामूल्य खुले झाले. मुलांची व स्त्रियांची स्वतंत्र सोय झाली. ग्रंथांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. १९१२ साली निघालेल्या ‘लायब्ररी मिसेलनी’ या त्रैमासिकात इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही असे. वाचक निरनिराळे, तेव्हा त्यांच्या वाटाही निरनिराळ्या, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा अस्पृश्यतेपायी त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. राजाज्ञेने दार उघडते. उंबरठा मात्र समाजानेच सखल करावा लागतो.

आज कडोदऱ्याच्या कापड गिरण्यांमुळे येथे खानदेश, ओडिशा, बिहार व उत्तर प्रदेश येथील कुटुंबे आली आहेत. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलासमोर केवळ गुजराती पुस्तक ठेवले, तर कपाट उघडे असूनही त्याच्या लेखी ते बंदच होय. दृष्टिहीन मुलास ब्रेल अथवा ध्वनिमुद्रित पुस्तक हवे. अडखळत वाचणाऱ्यास मोठ्या अक्षरांचे, चित्रांचे पुस्तक आणि सोबत बसणारे शिक्षक हवेत. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेले सूत्र येथे अक्षरशः लागू पडते.

म्हणून आम्ही शिक्षकबंधूंस व भगिनींस सुचवितो की, वर्षअखेरीस पुस्तकांची मोजदाद करताना आणखी एक यादी करावी : वर्षभरात एकही पुस्तक न नेलेल्या मुलांची. पुढील वर्षाची खरेदी त्या यादीवरून ठरावी. बडोद्याची पेटी गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली. तेथून त्या मुलापर्यंतचा रस्ता आपल्या वाट्याचा आहे.