चाल, वही आणि काचेची पाटी

आमच्या निपाणीच्या घरात लाल मांजरपाटात बांधलेली एक वही आहे. आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते आणि गावातल्या हौशी नाटक मंडळीत पेटी वाजवीत. वहीत ४३ पदे आहेत. अक्षर जमाखर्चाच्या वहीत असावे तसे नेटके. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिले आहेत. १७ ठिकाणी ते शब्द कानडी आहेत, पण लिपी आपली बाळबोध. स्वर म्हणाल तर संपूर्ण वहीत एकही लिहिलेला नाही. आजोबा १९७८ साली गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पदे घरात राहिली, चाली त्यांच्याबरोबर गेल्या.

इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाला जुना कागद मिळाला की हर्ष होतो. हा कागद मात्र असा, की अक्षर न् अक्षर लागते आणि हाती काहीच येत नाही.

यात आजोबांची चूक नव्हती. त्या काळचा रिवाजच तो होता. नाट्यपदांची जुनी पुस्तके उघडून पाहा. पदावर चालीचा उल्लेख असतो आणि ती चाल वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, १८४३ साली गुर्लहोसूरला जन्मलेले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, तेव्हा या भागातल्या कानडी चालीही त्यांच्याबरोबर पुण्याला गेल्या. मराठी संगीत नाटकाच्या बोलण्याला पहिल्या दिवसापासून कानडी हेल आहे, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी विसरू नये. पण चालीचे नाव हा निरोप असतो. तो सांगणारा आणि ऐकणारा एकाच गावचे असतील तोवरच पोचतो. मूळ गाणे विसरले गेले की वरची ओळ म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप.

किल्ली घडवण्याची खटपट करणारा मोठा माणूसही आपल्या शेजारचाच. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८ ऑगस्ट १८७२. लहानपणी शोभेच्या दारूचा अपघात झाला, दृष्टी अधू झाली, शाळेचा मार्ग खुंटला म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला बसले. ज्याला पुस्तक डोळ्यांजवळ धरूनही नीट वाचता येईना, त्याने पुढे गाणे वाचता यावे म्हणून स्वतःची लिपी तयार केली, याचा मला दर वेळी अचंबा वाटतो. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसून शिकायचे तर एका वेळी दोन-चार शिष्य. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यावर वर्ग भरू लागले. वर्ग म्हटला की फळा आला, पुस्तक आले आणि परीक्षाही आली. आम्हा शिक्षकांना हे निराळे सांगायला नको.

दुसरे विष्णू म्हणजे पंडित भातखंडे. वकिलीचा पेशा सोडून ते गावोगाव हिंडले, खाँसाहेबांच्या मनधरण्या करून बंदिशी लिहून घेतल्या, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या छापल्या. ही पुस्तके मुळात मराठीत निघाली. दोघांचे हेतू एक, खुणा मात्र निरनिराळ्या. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर बिंदू असला तर तो तार सप्तकातला, खाली असला तर मंद्रातला. पलुस्करांच्या लिपीत डोक्यावरचा बिंदू मंद्राचा, तारासाठी उभी रेघ. विद्यार्थिदशेत मी एका पद्धतीचे पुस्तक दुसरीच्या नियमाने वाचून पेटीवर बसलो होतो. जिथे आवाज चढायचा तिथे मी विहिरीत उतरत होतो. शेजारच्या काकूंनी आईला विचारले, “पोराला बरं नाही का?”

आता हे कागद मैफलीत समोर ठेवून कोण गातो? ख्यालगायक तर मुळीच नाही. त्याची बंदिश स्थायी-अंतऱ्याच्या चार-सहा ओळींची, बाकी सारे जागच्या जागी सुचायचे. ते आधी कुठे लिहिलेले असणार? युरोपातल्या वादकाचे तसे नाही. त्याला लिहिलेलेच वाजवायचे असते, म्हणून तिकडे कागदाची घोडी प्रत्येकापुढे असते आणि पियानोवाल्याशेजारी पान उलटायला माणूस बसतो. साहजिकच कागदाच्या जागी पडदा आणण्याची कल्पनाही तिकडची. हॅरी कॉनिक ज्युनियर या अमेरिकन गायकाला वाद्यवृंदासाठी अशा यंत्रणेचे पेटंट २००२ साली मिळाले. आयपॅड २०१० मध्ये आला आणि २०१२ च्या नोव्हेंबरात ब्रुसेल्सच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने कागद बाजूला ठेवून टॅब्लेटवर वाचून मैफल केली.

आपल्याकडे ही काचेची पाटी आली ती नाट्यगीत, भावगीत, अभंगांच्या कार्यक्रमांतून. एका संध्याकाळी वीस-पंचवीस गाणी, प्रत्येकाची पट्टी वेगळी, मधले संगीताचे तुकडे वेगळे. पूर्वी जाड वही असे आणि पंख्याच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून तिच्यावर तपकिरीची डबी.

माझा एक जुना विद्यार्थी बेळगावात अशा कार्यक्रमांना पेटीची साथ करतो. त्याने पाटी घेतली तेव्हा मी जरा कुत्सितपणेच विचारले, “पान कोण उलटणार रे?” प्रश्न गमतीचा वाटतो, पण खरा आहे. पेटीवाल्याचा उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. तिसरा हात देवाने दिलेला नाही. या पाटीबरोबर बिनतारी पायपट्टी मिळते. पाय दाबला की पान उलटते. पण ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसलेला वादक होता. आमचा गडी मांडी घालून बसणारा! आठ दिवस त्याने ती पट्टी नाना ठिकाणी ठेवून पाहिली. शेवटी डाव्या गुडघ्याखाली बसली. काही प्रणालींत डोळा मिचकावला किंवा ओठ वाकडा केला तरी पान उलटते म्हणे. आपल्या गायकांचे तानेच्या वेळचे चेहरे आठवले, तर एका आलापात अख्खे पुस्तक संपेल.

लिपीचीही अडचण होतीच. बिंदू, खालच्या आडव्या रेघा, मात्रांच्या कमानी हे सारे साध्या देवनागरी टंकावर नीट बसत नाही. म्हणून तो हाताने लिहितो आणि त्याचा फोटो पाटीवर घेतो. म्हणजे यंत्र नवे, आत वही जुनीच.

मला मात्र निराळीच धास्ती होती. कागवाडला १९१७ साली जन्मलेले आणि २०१० पर्यंत आपल्यात असलेले रामभाऊ विजापुरे यांची पेटी बेळगावकरांनी ऐकली आहे. साथीदाराने गायकाचा श्वास ऐकायचा की पडदा वाचायचा? गेल्या कोजागरीच्या कार्यक्रमात मी मुद्दाम पुढे बसलो. गाणारी मुलगी कानडी घरातली. तिच्या पाटीवर मराठी अभंगाचे शब्द कानडी लिपीत होते, त्याच्या पाटीवर स्वर देवनागरीत. दुसऱ्या अभंगात वीज गेली. वही घेऊन बसलेला बासरीवाला थांबला. दोन्ही पाट्या अंधारात उजळलेल्या राहिल्या आणि गाणे चालू राहिले. तबलजीपुढे तर काहीच नव्हते; तोही थांबला नाही. मुलीने एका ओळीवर अनपेक्षित मुक्काम केला, तेव्हा आमचा गडी पडद्याकडे न बघता तिच्याबरोबर थांबला. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी लाल मांजरपाटातली वही घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने ४३ पाने पाटीत उतरवली, आणि आम्ही रविवारी रविवारी चालींच्या शोधात निघालो. १७ कानडी चालींपैकी सहांचा पत्ता लागला आहे. त्यांतली एक संकेश्वरजवळच्या एका अज्जींकडे मिळाली. वहीतले शब्द मी वाचले तशी त्या हसल्या. ते जात्यावरचे पद होते. म्हणून दाखवा म्हटले, तर दोन शब्दांवर अडल्या. “मास्तर, असं बसून न्हाई येत. जातं पायजे.” जाते परसात पालथे पडले होते. नातवाने ते उचलून आणले, खाली पोते घातले. रिकामेच फिरू लागल्यावर चाल आली, सरळ, न अडखळता.

पोराने पाटीवर बोटाने स्वर लिहायला घेतले आणि आमचे भांडण जुंपले. तो म्हणे गंधार कोमल, मी म्हणे शुद्ध. अज्जींना पुन्हा गायला लावले. त्यांचा गंधार दोन्हींच्या मधला होता आणि जात्याच्या फेऱ्यागणिक किंचित हलत होता. भातखंड्यांकडेही त्याला खूण नाही, पलुस्करांकडेही नाही. शेवटी पोराने गंधारापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि अज्जींचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच पानाला जोडला. आजोबांचे अक्षर, खाली त्याचे स्वर. बोट लावले की जात्याच्या घरघरीसह अज्जी गातात.

अकरा चाली अजून बाकी आहेत. चिकोडी, हुक्केरी, अथणीकडच्या वाचकांच्या घरी जात्यावर गायलेल्या, लग्नात गायलेल्या कानडी गाण्यांची आठवण असलेली वडीलधारी मंडळी असतील, तर संपादकांकडे एक पत्र टाकावे. आम्ही पाटी घेऊन येऊ. जाते मात्र तुमचे लागेल.